डाव्या हाताची अक्षरं

नकाशा काढणाऱ्या माणसाच्या खांद्यावरून कुणी डोकावलं, तर त्याचं लक्ष उजव्या हाताकडे जातं. माउस फिरतो, पडद्यावर रेघ उमटते आणि सगळं काम त्या एका हाताचंच आहे असं वाटतं. माझी इतकी वर्षं ऑटोकॅडवर नकाशे काढण्यात गेली, आणि माझा जीव जडला तो डाव्या हातावर. उजवा हात जागा दाखवतो. तिथे काय करायचं ते डावा सांगतो. रेघेसाठी एल, खोडण्यासाठी ई, जादा रेघ कापण्यासाठी टीआर. अक्षर दाबायचं, अंगठ्याने स्पेसबार दाबायचा, कमांड सुरू. काही न लिहिता नुसता स्पेसबार दाबला तर मागचीच कमांड पुन्हा हजर होते. मुरलेल्या आरेखकाचा डावा हात पाहत राहावा असा असतो. तो कीबोर्डकडे बघत नाही, अडखळत नाही, आणि त्याच्या मालकाचं चित्त पूर्णपणे पडद्यावरच्या नकाशात असतं.

मी पाटण तालुक्यातल्या कोयनानगरची. कोयना, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणांच्या पावसाचे आकडे पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात येतात. मोसमाची बेरीज पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पोचते. त्या दिवसांत इथलं बाहेरचं काम थांबतं आणि टेबलावरचं वाढतं. सर्व्हेवाल्यांनी उन्हाळ्यात उन्हातान्हात घेतलेल्या लेव्हल्स आता कागदावर यायच्या असतात. आपल्या हाताला सोयीच्या कमांड बनवायला मी शिकले ते अशाच पावसाळ्यांत, बाहेर धुकं दाटलेलं असताना, आधी कराडच्या एका खाजगी ऑफिसात आणि पुढे घरच्या टेबलावर.

ऑटोकॅडची ही छोटी अक्षरं कुठून येतात, हे पुष्कळांना वर्षानुवर्षं काम करूनही ठाऊक नसतं. ती एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेली असतात. फाइलीचं नाव एकॅड डॉट पीजीपी. तिच्यातल्या ओळी अगदी सरळ असतात: आधी छोटं अक्षर, मग स्वल्पविराम, मग तारांकन आणि त्याला लागून कमांडचं पूर्ण नाव. नोटपॅडमध्ये उघडावी, ओळ बदलावी, सेव्ह करावी, ऑटोकॅडमध्ये रीइनिट कमांड देऊन ती पुन्हा वाचायला लावावी, एवढंच. तेच अक्षर फाइलीत दोनदा आलं तर शेवटची ओळ धरली जाते. म्हणून मूळच्या ओळींना हात न लावता आपल्या ओळी फाइलीच्या तळाशी लिहायच्या. तिथे त्यासाठी जागाच राखून ठेवलेली असते. लाखो लोकांसाठी तयार झालेल्या त्या अवजड सॉफ्टवेअरने एका माणसाच्या हातासाठी अशी जागा सोडावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ती जागा वापरायची गरज का पडते, हे कीबोर्डवर बोटं ठेवल्याबरोबर कळतं. डाव्या हाताच्या टप्प्यात पंधरा अक्षरं येतात: वरच्या ओळीतली क्यूपासून टीपर्यंतची पाच, मधल्या ओळीतली एपासून जीपर्यंतची पाच आणि खालच्या ओळीतली झेडपासून बीपर्यंतची पाच. ई, एफ, एक्स, टीआर या कमांड आपसूकच या टप्प्यात पडल्या. पण मूव्हचा एम, ऑफसेटचा ओ, कॉपीचं सीओ, मिररचं एमआय, पॉलिलाइनचं पीएल ही सगळी पलीकडच्या बाजूची. दरवेळी डाव्या हाताला टप्पा सोडून पलीकडे जावं लागतं, नाहीतर उजव्या हाताला माउस सोडून यावं लागतं. दोन्ही वेळा नजर पडद्यावरून खाली उतरते. मी कॉपीला नुसता सी दिला, वर्तुळाला दोन सी दिले, मूव्हला व्ही दिला, ऑफसेटला जी. व्ही आणि जी या अक्षरांवर आधी ज्या कमांड होत्या त्या मला क्वचितच लागत. थोडे दिवस बोटं जुन्या सवयीने पलीकडे धावली, मग रुळली.

हिशेब केला तर फायदा डोळ्यांत भरतो. एका कमांडमागे दोन सेकंद वाचले आणि दिवसभरात अशा कमांड पाचशे वेळा लागल्या, तर हजार सेकंद म्हणजे सोळा-सतरा मिनिटं हाती राहतात. पण माझ्या लेखी मिनिटांपेक्षा मोठी गोष्ट निराळीच आहे. नजर खाली उतरली की विचाराचा धागा तुटतो. कालव्याच्या वळणावर कुठली लेव्हल कुठे जुळते हे डोक्यात धरलेलं असतं, आणि ओ कुठे आहे ते शोधताना ते सुटून जातं. हात आपोआप चालला तर धागा सलग राहतो. हे सलगपण हीच खरी बचत.

डाव्या हाताचं हे मानाचं स्थान संगणकीय आरेखनाच्या जन्मापासूनचं आहे. १९६३ मध्ये अमेरिकेत एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' नावाच्या प्रणालीवर आपला प्रबंध सादर केला. टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर ते प्रकाशलेखणीने रेघ काढत. मात्र रेघ हवी, वर्तुळ हवं की पुसायचं आहे, हे सांगण्यासाठी दुसऱ्या हाताजवळ बटणं होती. एका हाताने दाखवायचं आणि दुसऱ्याने सांगायचं, ही विभागणी तेव्हापासून आजपर्यंत टिकली. पुढे १९८२ मध्ये ऑटोकॅड बाजारात आलं आणि मोठ्या संस्थांच्या आवारातली ही सोय साध्या टेबलावरच्या संगणकावर पोचली.

सदरलँड यांच्या पडद्यावर रेघा उमटत होत्या त्याच सुमारास इथे कोयनेचं धरण पूर्णत्वाला येत होतं. या धरणाच्या कामातली प्रत्येक रेघ माणसाच्या हाताने ओढलेली होती. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, ट्रेसिंग क्लॉथ, शाई. आरेखक पेन्सिलीने मूळ नकाशा काढी. अनुरेखक त्यावर पारदर्शक कापड अंथरून शाईने तो उतरवून घेई. आणि त्यावरून निघालेली प्रत कामाच्या जागी जाई. शाई चुकीच्या जागी पडली तर ब्लेडने अलगद खरवडायची, खरवडलेली जागा घासून गुळगुळीत करायची आणि पुन्हा रेघ ओढायची.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त अनुरेखक होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. त्यांच्याकडे एका जुन्या पाकिटात जुन्या एक्स-रे फिल्ममधून कापलेले साचे होते: उत्तर दिशेचा बाण, दरवाज्याच्या कमानीचा बाक, पायऱ्यांचा छेद, दगडी बांधकामाची खूण. हे साचे दुकानात मिळत नसत. त्यांच्या नकाशांत जे पुन्हा पुन्हा येई, तेवढंच त्यांनी आपल्या हाताच्या मापाने कापून ठेवलं होतं. मी एकदा विचारलं, "आप्पा, साचा करायची वेळ आली हे कसं कळायचं?" ते म्हणाले, "पोरी, हात त्योच त्यो फेरा मारायला लागला आन् डोळ्याला बघायचं काय उरलं न्हाई, की वळखायचं." कमांड कधी बनवावी आणि कधी बनवू नये, याचा इतका नेमका नियम मला पुढे कुठल्याही पुस्तकात सापडला नाही.

अक्षरं बदलणं ही पहिली पायरी. ऑटोकॅडमध्ये नसलेली कमांड स्वतः लिहिणं ही पुढची. त्यासाठी ऑटोलिस्प ही भाषा १९८६ पासून त्यात आहे. तिची मूळ भाषा लिस्प. ती जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीतच रचायला घेतली, आणि बुद्धीचं काम यंत्राकडून करून घेता येईल का, या प्रश्नाच्या ओढीने ती घडली. अशा थोर कुळातली ही भाषा पाटण तालुक्यातल्या एखाद्या मुलीच्या टेबलावर कालव्याच्या आडव्या-उभ्या रेघा मोजायला येते, याचा मला अभिमान वाटतो.

माझी पहिली मोठी कमांड एल-सेक्शनची, म्हणजे उभ्या छेदाची होती. कोयनेचं पाणी हेळवाकपाशी पूर्वेकडे वळून कराडला कृष्णेला मिळतं. ताकारी आणि म्हैसाळच्या उपसा योजना ते नदीतून उचलून सांगलीच्या दुष्काळी पट्ट्याकडे नेतात. अशा कालव्यांच्या फाट्यांचे, पोटफाट्यांचे उभे छेद काढायचं काम आमच्या हाती येई. दर ३० मीटरला लेव्हल घेतली तर सहा किलोमीटरच्या फाट्यावर २०१ बिंदू होतात. प्रत्येक बिंदूखाली चार आकडे लिहायचे: चेनेज म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर, जमिनीची पातळी, कालव्याच्या तळाची पातळी आणि खोदाईची खोली. म्हणजे ८०४ वेळा मजकूर टाकायचा, तोही ओळीत, सारख्या उंचीचा, सारख्या अंतरावर. शिवाय आडवं प्रमाण १:१००० आणि उभं १:१००, म्हणजे उंचीतला प्रत्येक फरक दहापट करून दाखवायचा. कारण सहा किलोमीटरांत जमीन जे चढते-उतरते, ते दोन्ही बाजूंनी एकाच प्रमाणात काढलं तर दिसतच नाही.

ही कमांड लिहायला बसले तेव्हा मला जाणवलं की जे काम मला येतं असं मी समजत होते, ते मला शब्दांत सांगता येत नव्हतं. यंत्राला सगळं क्रमाने सांगावं लागतं. आधी सर्वांत खालची पातळी शोध. तिच्याखाली आकड्यांच्या तक्त्याला जागा सोडून आधाररेषा धर. मग प्रत्येक चेनेजला उभी रेघ. उंचीचा फरक गुणिले दहा. मग टोकं जोड. आणि जमीन तळाच्या पातळीच्याही खाली असेल तर? तिथे खोदाई नाही, भराव आहे. आकडा वेगळ्या रकान्यात गेला पाहिजे. हाताने काढताना हा निर्णय मी नकळत घेत होते. कमांड लिहिताना तो निर्णय आहे हे पहिल्यांदा उमगलं. एखादं काम किती समजलं आहे याची कसोटी घ्यायची असेल, तर त्याची कमांड लिहून पाहावी. लिहिता येत नाही तिथे आपली समज संपते आणि सवय सुरू होते.

चांगली कमांड लिहिण्यात एक सभ्यताही असते. काम सुरू करण्यापूर्वी वापरणाऱ्याची मांडणी कशी होती ते कमांडने लक्षात ठेवावं: कुठला लेयर चालू होता, बिंदू अचूक पकडणाऱ्या ओस्नॅपच्या कुठल्या खुणा लावल्या होत्या. आपलं काम झालं की सगळं होतं तसं परत ठेवावं. कुणी मध्येच एस्केप दाबला तरी. आणि शंभर रेघा काढल्या असल्या तरी त्या एकाच गटात बांधाव्यात, म्हणजे नको वाटल्यास एका यू-मध्ये सगळं मागे घेता येईल. दुसऱ्याच्या घरात काम करून निघताना वस्तू जागच्या जागी ठेवाव्यात, तसं हे आहे. ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम दिला की पुढचा मजकूर यंत्र वाचत नाही. ती जागा माणसांसाठी असते. तिथे ही कमांड कशासाठी केली, कुठल्या प्रमाणासाठी केली, कुठे चालत नाही, हे आपल्या शब्दांत लिहून ठेवावं. पाच वर्षांनी ते वाचणारा बहुधा दुसराच कुणी असतो.

मात्र मला ज्या कमांडने सर्वांत जास्त विचारात पाडलं, ती अगदी लहान होती. पुनर्वसनाच्या गावठाणाच्या नकाशात भूखंडांना क्रमांक द्यायचे असतात. कमांड सोपी: एका भूखंडात क्लिक केलं की एक, पुढच्यात दोन, त्यापुढच्यात तीन, क्षेत्रफळही मोजून खाली लिहिलं जातं. वेग असा, की दीडशे भूखंड हां हां म्हणता संपतात. हात भराभर पुढे जात असताना एकदा मी थांबले. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली कोयना खोऱ्यातली गावं गेली. तिथली माणसं सातारा, सांगली, सोलापूरपासून कोकणापर्यंत पांगली. धरणग्रस्तांची आजची पिढीसुद्धा पर्यायी जमिनीच्या हक्कासाठी झगडते आहे. मी ज्या चौकोनात क्लिक करत होते, त्यातला प्रत्येक चौकोन कुणाचं तरी घर होणार होता. क्रमांक यंत्राने द्यावा, त्यात वाईट काही नाही. हाताने दिला म्हणून तो जास्त माणुसकीचा होत नाही. पण तो चौकोन उताराला आहे का, पावसाचं पाणी वरच्या भूखंडातून त्याच्या दारात येतं का, शाळेकडे जाणारा रस्ता त्याला लागतो का, हे कुठलीही कमांड बघत नव्हती. तेव्हापासून माझी एक रीत झाली. क्रमांक देऊन झाले की वाचलेल्या वेळात कंटूरचा, म्हणजे समान उंचीच्या रेषांचा लेयर चालू करायचा आणि प्रत्येक भूखंडात मनाने उभं राहायचं. शंका आली तिथे खूण करून साहेबांकडे न्यायची. वेळ वाचवायचा तो याच्यासाठी, हे मला त्या कामाने शिकवलं.

आणि हेच धरणाच्या भिंतीतही लिहिलेलं आहे. कोयना धरणाची उंची सुमारे १०३ मीटर. न सांडणाऱ्या भागाचा छेद पायाशी सुमारे ७० मीटर रुंद आणि माथ्याशी जेमतेम १५ मीटर. ऑटोकॅडमध्ये तो पाच-सहा बिंदूंच्या पॉलिलाइनने निघतो. सरावाच्या हाताला दहा सेकंद पुरेत. नदीकडच्या अंगाचा उतार पायापासून सुमारे ६६ मीटर उंचीवर एकदम बदलतो आणि भिंत जवळजवळ उभी होते. धरण दोन टप्प्यांत बांधायचं मूळचं ठरलं होतं; बांधकाम चालू असताना ते एकदमच पूर्ण उंचीचं करायचा निर्णय झाला, आणि छेदाला हा वेगळा आकार आला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सुमारे साडेसहा रिश्टरचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली, कोयनानगरची घरं कोसळली. भिंत उभी राहिली, पण तिच्या अनेक खंडांना दोन्ही अंगांनी आडव्या भेगा पडल्या, त्या मुख्यतः जिथे हा उतार बदलतो त्याच पातळीच्या आसपास. पुढे न सांडणाऱ्या भागाला मागून काँक्रीटची भर देऊन तो बळकट केला. सांडव्याच्या भागाचं बळकटीकरण या शतकात झालं.

तो छेद आज जगभरच्या विद्यार्थ्यांच्या पडद्यावर असतो. काँक्रीटचं धरण भूकंपात कसं वागतं याचा अभ्यास म्हटलं की कोयनेचं उदाहरण येतं. अनिल चोप्रा यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यावर काम केलं, आणि अबॅकस या प्रसिद्ध विश्लेषण-सॉफ्टवेअरच्या नमुना उदाहरणांतही आमचं धरण आहे. लांबच्या देशातला एखादा मुलगा तीच पाच-सहा टोकं जोडतो. सगळ्या टोकांना तेवढाच वेळ लागतो. पण त्यातल्या एका टोकापाशी, जिथे उतार बदलतो तिथे, अख्ख्या धरणाची गोष्ट साठलेली असते. कमांडला सगळे बिंदू सारखेच. कुठल्या बिंदूपाशी थांबायचं, हे माणसालाच ठरवावं लागतं, आणि त्यासाठी त्याच्यापाशी वेळ आणि ताजी नजर शिल्लक असावी लागते. उरलेल्या बिंदूंवर हात वाचवायचा तो या एका बिंदूपाशी थांबता यावं म्हणून.

ऑफिसातून अशा सोयींना होणारा विरोध मला माहीत आहे, आणि त्यातला एक मुद्दा मला पटतो. एकाने सी म्हणजे कॉपी केलं, दुसऱ्याच्या मशीनवर सी म्हणजे वर्तुळ. एकमेकांच्या टेबलावर बसलं की गोंधळ. उपाय सोय बंद करण्यात नाही, ती सर्वांची करण्यात आहे. ऑफिसने एक सामाईक फाइल ठेवावी, तिच्यातली अक्षरं सगळ्यांनी बसून ठरवावीत, बदल झाला की तारीख घालून नोंद करावी. स्वतःच्या कमांड कुलूपबंद ठेवणारे कुशल लोकही मी पाहिले आहेत; आपल्यावाचून काम अडावं असं त्यांना वाटतं. मला ते बरोबर वाटत नाही. आप्पांचे साचे कुणीही मागितले तर ते पाकीटच हातात देत. धरणाचं काम कुणा एकाच्या हातचं नव्हतं, आणि आपणही जे काढतो ते पुढे सर्व्हेअर, गवंडी, शेतकरी अशा कितीतरी हातांत जाणार असतं.

आता पाटण तालुक्यातली काही मुलंमुली माझ्याकडे शिकायला येतात. बरीचशी आयटीआयच्या आरेखक ट्रेडची, काही डिप्लोमाची. त्यांना मी पहिले काही आठवडे मूळच्या कमांडनेच काम करायला लावते. एल-सेक्शन एकदा पूर्ण हाताने, प्रत्येक आकडा स्वतः लिहून. मग विचारते: कुठे हात तोच फेरा मारत होता? कुठे डोळ्याला बघायला काही उरलं नव्हतं? ती जागा त्यांनी स्वतः शोधली की पीजीपी फाइल उघडून देते. स्वतःची पहिली ओळ लिहून, रीइनिट करून, आपण ठरवलेल्या अक्षराला ते भलंमोठं सॉफ्टवेअर ओ देतं हे पाहिलं की मुलांचा चेहरा बदलतो. तोवर ती यंत्राला घाबरून असतात. ते जसं आहे तसं आपण शिकायचं, अशी त्यांची समजूत असते. यंत्र आपल्या कामाप्रमाणे वळवून घेता येतं, हे कळलेला मुलगा पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरसमोर ताठ मानेने बसतो.

म्हणून माझी शिकवणाऱ्यांकडे मागणी आहे. आरेखनाच्या वर्गात कमांडची यादी पाठ करून घेतली जाते. त्याच वर्षी कमांड घडवायलाही शिकवा, आणि मराठीतून शिकवा, कारण अडचण त्या भाषेतल्या कंसांची नसते, आपलं काम पायरी पायरीने सांगण्याची असते, आणि ते आपल्या भाषेतच आधी सुचतं. सोबत दुसरी गोष्ट तितक्याच आग्रहाने शिकवा: वाचलेला वेळ लगेच पुढच्या नकाशाला द्यायचा नाही. त्यातला काही भाग याच नकाशाचा असतो, तपासण्यासाठी, शंका घेण्यासाठी, उतार बदलतो तिथे थांबण्यासाठी. तेवढा वेळ ज्याने नकाशाला दिला, त्याने डाव्या हाताला शिकवलेल्या प्रत्येक अक्षराचं सार्थक झालं.